हजार गाण्यांचा हिशेब

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने पहिला आयपॉड लोकांसमोर ठेवला तेव्हा जाहिरात पाच गीगाबाइटची केली नव्हती, खिशात मावणाऱ्या हजार गाण्यांची केली होती. गीगाबाइट ही काय चीज आहे हे तेव्हा बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हते आणि गाणे म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे विकणाऱ्याच्या दृष्टीने माप नामी होते. हिशेबही खरा होता. चार मिनिटांचे गाणे एमपी-थ्री स्वरूपात सेकंदाला १६० किलोबिट या दराने साठवले तर मिनिटाला १.२ आणि गाण्याला ४.८ मेगाबाइट लागतात. अशी हजार गाणी ४.८ जीबीत बसतात. गंमत पुढेच आहे. जानेवारी २००४ मध्ये आयपॉड मिनी आला, त्यात जागा चारच जीबी होती आणि जाहिरातीतली गाणी मात्र हजारच राहिली. मधल्या काळात कंपनी एएसी हे नवे स्वरूप आणि १२८ किलोबिटचा दर धरून मोजू लागली होती, त्यामुळे तेच चार मिनिटांचे गाणे ३.८४ मेगाबाइटवर आले. कोणी खोटे बोलले नव्हते, मापच ताणता येण्याजोगे होते. आजही प्लेयरच्या खोक्यांवर हजारांच्या हिशेबात गाणी छापलेली असतात, आणि घेणारा १६, ३२, ६४, १२८ अशा पायऱ्यांपुढे उभा राहून, पुढेमागे कमी पडायला नको म्हणून वरची पायरी चढतो. बहुतेकांना त्या पायरीची गरज नसते, असे माझे म्हणणे आहे. जागा किती घ्यायची हे घरी संगीताचा साठा किती आहे यावर ठरवण्यात अर्थ नाही. एकदा प्लेयर भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंत आपण किती तास ऐकणार, आणि ज्या इयरफोनमधून ऐकणार त्यातून कानापर्यंत किती बारकावा पोचणार, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की आकडा आपोआप समोर येतो.

गाणे हे माप आपल्याकडे तर फारच लंगडे पडते. सिनेमातले गाणे चार-पाच मिनिटांचे. नाट्यपद जुन्या तबकडीवरचे असेल तर जेमतेम तीन मिनिटांचे आणि मैफलीतले असेल तर पंधरा-वीस मिनिटांचे. विलंबित ख्याल चाळीस मिनिटांचा किंवा तासाभराचा. कीर्तन दोन तासांचे. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून जवळपास अर्धे शतक हिंदुस्थानी गायकांना राग तीन-साडेतीन मिनिटांत उरकावा लागला, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर वेळ मिळू लागला. म्हणजे शंभर ‘गाण्यांचा’ संग्रह पाच तासांचा असू शकतो आणि शंभर तासांचाही. हजार गाण्यांच्या त्याच चार जीबीच्या मिनीत चाळीस मिनिटांचे ख्याल भरायचे म्हटले तर शंभरच्या थोडे वर बसतात. सारेगामाने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ बाजारात आणला तो पाच हजार गाणी आधीच भरून. तिथे ‘गाणे’ हे माप शोभते, कारण काय भरायचे हे कंपनीने ठरवलेले आहे आणि घेणाऱ्याला त्यात काही करायचे नाही. जो प्लेयर आपण स्वतः भरणार, त्याच्यासाठी मात्र तास हेच माप धरावे लागते.

तासांचा हिशेब सोपा आहे. फाइलचा दर सेकंदाला किती किलोबिट आहे तो आकडा घ्यायचा आणि ०.४५ ने गुणायचा, की एका तासाला लागणारे मेगाबाइट मिळतात. १२८ ला ५८, २५६ ला ११५, ३२० ला १४४. एकाच वाहिनीवर ६४ किलोबिटने साठवलेले प्रवचन किंवा श्राव्य पुस्तक तासाला अवघे २९ मेगाबाइट घेते. उलट टोकाला सीडीवरचा न दाबलेला आवाज सेकंदाला १,४११ किलोबिटने येतो, म्हणजे तासाला ६३५ मेगाबाइट. फ्लॅक नावाचे स्वरूप त्यातला एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश करते, तेव्हा तासाला ३५० ते ४०० धरून चालावे. ‘हाय-रेझ’ म्हणून विकली जाणारी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल न दाबता तासाला दोन जीबीच्या वर जाते आणि फ्लॅकमध्येसुद्धा एक जीबी ओलांडते. आता समजा, १६ जीबीचा प्लेयर आहे आणि त्याची स्वतःची व्यवस्था वगळून १४ जीबी मोकळी आहे. २५६ किलोबिटने त्यात १२० तास बसतात. रोज दोन तास ऐकणाऱ्याला दोन महिने एकही गाणे दुसऱ्यांदा ऐकावे लागणार नाही. गीतरामायणाची ५६ गीते घेतली आणि प्रत्येक गीत सरासरी सात मिनिटांचे धरले तर साडेसहा तास होतात. ती सगळी पाऊण जीबीत मावतात. आणि संगीत ही तर पुन्हापुन्हा ऐकायची गोष्ट आहे. दोन महिन्यांत एकही पुनरावृत्ती नको असणारा श्रोता कल्पनेतच सापडेल. तेव्हा १२० तास हा आकडा हात आखडून काढलेला नाही, सढळ आहे.

लोक खरोखर किती जागेवर समाधानी असतात याचा पुरावा बाजाराने एकदा चोख दिला आहे. आयपॉड मिनीची किंमत २४९ डॉलर होती आणि त्याच वेळी पंधरा जीबीचा मोठा आयपॉड २९९ डॉलरला मिळत होता. पन्नास डॉलर जास्त टाकले की जवळपास चौपट जागा. जाणकारांनी मिनीची टर उडवली. एवढ्याशा फरकासाठी चार जीबी कोण घेईल, असा त्यांचा सवाल होता. लोकांनी मिनीच घेतला, आणि इतका की मागणी पुरवता पुरवता कंपनीची दमछाक झाली. सप्टेंबर २००५ मध्ये, तो जोरात खपत असतानाच, ॲपलने तो बंद करून नॅनो आणला. मिनी तोवर चार आणि सहा जीबीत मिळत होता, नॅनो दोन आणि चार जीबीचा निघाला. जागा कमी झाली. त्या बदल्यात फिरणारी हार्ड डिस्क जाऊन फ्लॅश मेमरी आली, यंत्र पातळ झाले, आपटले तरी चालू लागले. तोही हातोहात खपला. यावर कोणी म्हणेल की लोकांनी रंग पाहिला, आकार पाहिला, जागेचा विचार केलाच नाही. अगदी बरोबर, आणि माझ्या म्हणण्याला हा आक्षेप पूरकच आहे. गरज भागेल इतकी जागा मिळाली की तिथून पुढे जागेने निवड ठरत नाही. वजन, बॅटरी, बटणे आणि पडद्यावरची अक्षरे यांनी ती ठरते. चार जीबीत गरज भागली नसती तर रंगाने कोणाला फार काळ भुलवले नसते.

याच इतिहासात उलट दाखलाही आहे आणि तो लपवून चालणार नाही. १६० जीबीचा आयपॉड क्लासिक सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाला, तेव्हा हळहळणारे लोक थोडे नव्हते. जुने क्लासिक चढ्या भावाने विकले गेले. आजही हौशी मंडळी त्यातली हार्ड डिस्क काढून त्या जागी मेमरी कार्डे बसवतात आणि मूळ यंत्राच्या कितीतरी पट जागा मिळवतात. या लोकांचे चुकते असे मी म्हणणार नाही. पण त्यांचे ऐकणे पाहिले तर बहुधा शेकडो सीडी स्वतः उतरवून घेतलेल्या असतात, त्याही फ्लॅकसारख्या स्वरूपात, आणि ‘सगळे आपल्याजवळ असावे’ हीच मुळी त्यांची हौस असते. हौसेला हिशेब लावू नये. मात्र त्या हौसेसाठी घडवलेली वस्तू रोज लोकलमध्ये पाऊण तास ऐकणाऱ्याने स्वतःचे माप म्हणून धरली, की पैसे नको तिथे जातात.

खरी ओढाताण तासांची नाही, दर्जाची आहे. २५६ किलोबिटची एएसी किंवा ३२० ची एमपी-थ्री फाइल आणि सीडी यांतला फरक सामान्य श्रोत्याला, सामान्य इयरफोनवर, रहदारीच्या आवाजात ऐकू येतो असे मानायला फारसा आधार नाही. सीडी आणि हाय-रेझ यांतल्या फरकाची तर नीट तपासणी झालेली आहे. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आपले प्रयोग प्रसिद्ध केले. उंची ध्वनिसंचावर हाय-रेझ तबकडी लावायची आणि श्रोत्यांच्या नकळत मध्येच तो आवाज सीडीच्या मापात उतरवून ऐकवायचा, अशी त्यांची रीत. ५५४ वेळा विचारले आणि उत्तर बरोबर आले २७६ वेळा. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. याला उत्तर म्हणून जोशुआ राइस या लंडनच्या संशोधकाचे २०१६ मधले काम पुढे केले जाते, आणि ते करायलाही हवे. त्यांनी अठरा प्रयोगांमधल्या बारा हजारांवर चाचण्या एकत्र तोलल्या आणि लोकांना फरक थोडासा कळतो असा निष्कर्ष काढला. तो थोडासा म्हणजे किती, तर शंभरात बावन्न-त्रेपन्न उत्तरे बरोबर; आधी कान तयार करून घेतलेल्या श्रोत्यांत हे प्रमाण साठच्या आसपास गेले. फरक असेलही, पण तो शांत खोलीत, उत्तम संचावर, लक्ष एकवटून बसलेल्या माणसाला अधूनमधून लागतो. त्यासाठी चालत्या बसमध्ये न्यायच्या यंत्रावर तासाला दहापट जागा खर्च करण्यात हाती काय लागते, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तरी तो व्यवहार पटत नाही.

ब्लूटूथ इयरफोन वापरणाऱ्यांसाठी तर हा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला आहे. तारेविना पाठवताना प्लेयर आवाज पुन्हा एकदा दाबतो. सगळ्या यंत्रांत असणाऱ्या एसबीसी या पद्धतीची नेहमीची कमाल सेकंदाला ३२८ किलोबिट आहे. सोनीची एलडॅक पद्धत ९९० पर्यंत जाते, पण ती दोन्ही टोकांना असावी लागते आणि गर्दीत ती स्वतःहून खालच्या दरावर उतरते. म्हणजे कार्डावर चार-साडेचार हजार किलोबिटचा माल ठेवायचा आणि कानाशी येईतो तो तीनशे-चारशेवर येऊ द्यायचा. तारेचे चांगले हेडफोन असतील, घरी बसून ऐकायचे असेल, तर फ्लॅक जरूर ठेवावे. तेव्हा ६४ जीबीत दीडशे तास बसतात आणि १२८ जीबीचा विचार रास्त ठरतो.

जुन्या ध्वनिमुद्रणांची गोष्ट वेगळी आहे, आणि मराठी श्रोत्यांच्या संग्रहात ती बरीच असतात म्हणून इथे थोडे थांबायला हवे. बालगंधर्वांची नाट्यपदे किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ज्या काळात निघाल्या, त्या काळी ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचे असे. १९२५ मध्ये विजेच्या मायक्रोफोनने मुद्रण सुरू होण्यापूर्वी तर भोंग्यापुढे गायलेला आवाज थेट मेणावर कोरला जाई आणि काही हजार हर्ट्झच्या वरचे त्यात जवळजवळ काही उतरत नसे. सीडी २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज धरते. तेव्हा अशा तबकडीवरून ९६ किलोहर्ट्झची भलीमोठी फाइल बनवली तर वाढलेल्या जागेत गायकाचा आवाज येत नाही, सुईची खरखर तेवढी जास्त तपशिलात येते. त्यातही एक वाकडी गोष्ट अशी की बिट न गमावता दाबणाऱ्या फ्लॅकसारख्या पद्धतींना ही खरखर फार जड जाते. सुरात काहीतरी क्रम असतो, तो पकडून फाइल लहान करता येते. खरखरीत क्रम नसतो, म्हणून ती दाबता येत नाही. तबकडी दोन वाहिन्यांच्या सुईने उतरवली असेल तर दोन्ही बाजूंची खरखर निराळी पडते आणि मूळ आवाज एकच असूनही फाइल निम्मी होत नाही. म्हणून जुन्या तबकडीची फ्लॅक फाइल नव्या स्टुडिओ ध्वनिमुद्रणाच्या फाइलएवढी, कधी तिच्याहूनही मोठी निघते. अभिलेखागारासाठी ती तशी ठेवणे योग्यच आहे. उद्या खरखर काढण्याची अधिक चांगली तंत्रे आली तर मूळ माल हाताशी हवा. प्लेयरवर मात्र त्याच गाण्याची एका वाहिनीची, ९६ किंवा १२८ किलोबिटची प्रत कानाला उणी वाटण्याचे कारण नाही. ज्यांच्या संग्रहात जुने संगीत जास्त, त्यांना जागा कमी लागते. हे सहसा उलट समजले जाते.

यातून प्लेयर आणि साठा यांतला भेदही स्पष्ट होतो. कोठीची खोली घरात असते, प्रवासाला डबा न्यायचा असतो. मूळ फाइली घरच्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन ठिकाणी, चांगल्यात चांगल्या स्वरूपात ठेवाव्यात आणि प्लेयरवर त्यांच्या हलक्या प्रती न्याव्यात. प्लेयर हरवतो, पाण्यात पडतो, कार्ड एके दिवशी वाचलेच जात नाही. फ्लॅश मेमरी वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिली तर तिच्यातली माहिती विरत जाऊ शकते. सगळा संग्रह खिशातल्या एकाच कार्डावर ठेवणाऱ्याने मोठी जागा घेऊन सोय साधलेली नसते, जोखीम वाढवलेली असते. शिवाय भरण्याचा वेळ आहे. साधे कार्ड आणि जुने यूएसबी यांवर सेकंदाला दहा मेगाबाइटचा वेग धरला तर १२८ जीबी भरायला साडेतीन तास लागतात. आणि सर्वांत दुर्लक्षिलेला भाग म्हणजे शोधणे. तीन हजार फाइली दोन बोटे रुंदीच्या पडद्यावर बटण दाबत सरकवणे ही शिक्षा आहे. पुष्कळ स्वस्त प्लेयर देवनागरी अक्षरे दाखवतच नाहीत, चौकोन दाखवतात, म्हणून नावे रोमनमध्ये लिहावी लागतात. मग ‘ज्ञ’ने सुरू होणारा तोच अभंग एकदा ‘जे’खाली, एकदा ‘डी’खाली आणि एकदा ‘ट्रॅक ०७’ म्हणून सापडतो. काही यंत्रे ठरावीक हजारांपुढच्या फाइली यादीत घेतच नाहीत. अशा प्लेयरला जास्त जागा असून उपयोग काय? निवडून भरलेले शंभर तास हाताला लागतात, न निवडता ओतलेले हजार तास लागत नाहीत.

आता भावाचा आक्षेप. वरच्या पायरीला थोडेच जास्त पडतात, मग कशाला हात आखडायचा, असे दुकानदारही सांगतो आणि भाऊबंदही. हे थोडे पैसे किती असतात ते पाहू. २०१९ मधला शेवटचा आयपॉड टच ३२, १२८ आणि २५६ जीबीत अनुक्रमे १९९, २९९ आणि ३९९ डॉलरला होता. म्हणजे ९६ जीबी वाढवून घ्यायला शंभर डॉलर. त्याच सुमारास १२८ जीबीचे सुटे कार्ड त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात मिळत होते. वाढीव जागा विकून मिळणारा नफा हा उत्पादकांचा जुना आणि आवडता नफा आहे. ज्या प्लेयरला कार्डाची खाच आहे तिथे हा सगळा दबावच उरत नाही. शानलिंगच्या एम-झिरोसारख्या काही प्लेयरांत आतली जागा मुळी ठेवलेलीच नाही, जे काय ते कार्डावर. खाच असेल तर आतली जागा सर्वांत कमी असलेला नमुना घ्यावा आणि उरलेले पैसे इयरफोनवर घालावेत. ऐकू येईल असा फरक तिथे पडतो. खाच नसेल तरच, तासांचा हिशेब करून त्याच्या दीडपट-दुप्पट जागा आधीच घ्यावी, कारण मागाहून वाढवता येत नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेयरांत आणखी एक वजावट असते. सोनीचा ३२ जीबीचा वॉकमन घेतला तरी त्यातले दहा जीबीहून जास्त त्याच्या स्वतःच्या व्यवस्थेतच जातात. खोक्यावर ६४ आणि संगणकावर ५९.६ असे दिसते ती मात्र फसवणूक नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १,०२४ च्या पटीत, एवढाच तो घोळ आहे. वर दिलेले सगळे हिशेब हजाराच्या पटीतले आहेत, तेव्हा वाचकाला त्याची वेगळी वजाबाकी करायला नको.

पुढच्या काळाचा विचार करून मोठे घ्यावे, हाही युक्तिवाद तपासून पाहावा. फोनच्या बाबतीत तो खरा ठरला, कारण छायाचित्रे आणि ॲप दरवर्षी फुगत गेली. आवाज तसा फुगत नाही. २००५ मध्ये २५६ किलोबिटची फाइल तासाला ११५ मेगाबाइट घेत होती, आजही तेवढेच घेते, आणि वयाबरोबर कानाची वरची मर्यादा खाली येते, वर जात नाही. प्लेयरमध्ये आधी म्हातारी होते ती बॅटरी. काहीशे वेळा भरली-रिकामी झाली की ती पूर्वीइतकी पुरत नाही आणि बऱ्याच यंत्रांत ती घरच्या घरी बदलता येत नाही. पाच वर्षांनी लागेल म्हणून आज घेतलेली जागा लागायची वेळ येईल तेव्हा यंत्रच चार्जरला बांधलेले असेल.

चित्रफितींचे गणित निराळे आहे खरे, पण सूत्र तेच लागते. सेकंदाला अडीच हजार किलोबिटचा चित्रपट तासाला ११२५ मेगाबाइट घेतो, म्हणजे अडीच तासांचा सिनेमा तीन जीबीच्या थोडा आत. इथे मात्र पाहिले की पुसायचे असते. दर आठवड्याला घरी येणाऱ्याला चार सिनेमांची जागा पुष्कळ झाली. मोठी जागा खरोखर कोणाला लागते, तर महिनोन्‌महिने घरापासून लांब असणाऱ्याला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आणि गोव्यातली कितीतरी मंडळी मालवाहू जहाजांवर असतात. जहाजावर इंटरनेट असले तरी मोजूनमापून वापरावे लागते आणि सफर सहा-आठ महिन्यांची. रोज तीन तास ऐकायचे म्हटले तर आठ महिन्यांत ७२० तास होतात. पुनरावृत्ती अजिबात नको असेल तर ८३ जीबी, आणि साठ सिनेमे नेले तर आणखी १७० जीबी. त्याने २५६ जीबीचे कार्ड घेतले तर त्याच्या हिशेबाला नाव ठेवता येणार नाही. तो भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंतचेच तास मोजतो आहे.

स्ट्रीमिंगच्या दिवसांत हा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की कोकण रेल्वेच्या प्रवासात साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात गाडी शिरली की खिशातल्या साठ्याशिवाय आधार नसतो. म्हणून तर या सेवांनीही गाणी उतरवून ठेवायची सोय दिली. स्पॉटिफाय एका यंत्रावर दहा हजार गाणी ठेवू देते, मात्र तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटवर यावे लागते. उतरवलेली गाणी जागा घेतात ती याच दराने, तेव्हा फोन घेतानाही हाच हिशेब कामी येतो. फरक मालकीचा आहे. मार्च २०२३ मध्ये करार संपल्यावर झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी गेली. स्वतःच्या कार्डावरची फाइल अशी जात नाही.

शेवटी कार्ड घेताना पाहायच्या दोन गोष्टी. ३२ जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी जातीची असतात, त्यावरची दोन टीबीपर्यंतची एसडीएक्ससी. जुना प्लेयर दुसऱ्या जातीचे कार्ड ओळखत नाही असे होते. बऱ्याचदा ते फॅट-३२ पद्धतीने नव्याने फॉरमॅट केले की चालते, पण भरवसा धरू नये; प्लेयरच्या माहितीपत्रकात कमाल किती जीबी लिहिले आहे ते आधी वाचावे. दुसरी गोष्ट बनावट कार्डांची. आतली मेमरी आठ-सोळा जीबीची आणि संगणकाला सांगायचे ५१२, अशी कार्डे ऑनलाइन आणि रस्त्यावर सर्रास विकली जातात. फाइली चढताना सगळे सुरळीत दिसते. खरी जागा संपली की नवे जुन्यावर लिहिले जाते किंवा कुठेच लिहिले जात नाही, आणि ते कळते ऐकायला बसल्यावर. एचटू-टेस्टडब्ल्यू किंवा एफ-थ्री ही फुकट मिळणारी साधने कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहतात. मोठ्या कार्डाला त्यात काही तास जातात. पावती जपून ठेवावी आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत ही तपासणी उरकून घ्यावी.